कानाखालची न दुखणारी गाठ: पहिलं ऑपरेशनच नीट व्हायला हवं

सोलापुरातल्या एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आईचं वय ५४, आयुष्य विड्या वळण्यात गेलेलं, मिश्रीची सवय. डाव्या कानाच्या पाळीखाली तीन-चार वर्षांपासून गाठ आहे. दुखत नाही, पण हळूहळू वाढते आहे. सोनोग्राफीत पॅरोटिड या लाळग्रंथीच्या वरच्या थरात २.६ सेंटिमीटरची गाठ दिसली. सुईच्या तपासणीचा, म्हणजे एफएनएसीचा, रिपोर्ट आला: ‘बेसलॉइड निओप्लाझम, मिलान गट चार-बी’. एका डॉक्टरांनी जागा बधिर करून छोट्या चिऱ्यातून गाठ काढू असं सांगितलं. दुसऱ्यांनी आधी तुकडा काढून बायोप्सी करू म्हटलं. घरातली मोठी माणसं म्हणतात, तिथे चाकू लावला तर तोंड वाकडं होतं, राहू द्या. हा कॅन्सर आहे का, आणि आईला पुण्याला न्यावं का, हे त्यांचे दोन प्रश्न.

कान-नाक-घसा आणि मानेच्या शस्त्रक्रिया हेच माझं रोजचं काम आहे आणि अशा गाठींचे रुग्ण नेहमी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून ही गाठ साधी असण्याची शक्यता जास्त आहे. पण साधीच आहे, असं हा रिपोर्ट म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही. या प्रकारच्या गाठीचं खरं नाव ती अख्खी, वेष्टणासकट बाहेर आल्यावरच ठरतं. ती तशी काढणं हीच पक्की तपासणी आणि तोच उपचार. म्हणून छोट्या चिऱ्यातून कोरून काढणंही नको आणि आधी तुकडा काढणंही नको. एमआरआय करून घ्या आणि पॅरोटिडची ऑपरेशनं नियमित करणाऱ्या सर्जनना दाखवा. आता यामागची कारणं सांगतो.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे आणि पाळीखाली पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर, जिभेखाली सबलिंग्वल. शिवाय ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. गाठी सर्वांत जास्त पॅरोटिडमध्ये होतात, आणि तिथल्या दहापैकी साधारण आठ साध्या निघतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी त्यातली गाठ कॅन्सरची असण्याची भीती जास्त. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, आणि जिभेखालच्या ग्रंथीत तर बहुतेक गाठी कॅन्सरच्याच असतात. म्हणून टाळूवरच्या शेंगदाण्याएवढ्या फुगवट्याची मला कानाखालच्या मोठ्या गाठीपेक्षा जास्त काळजी वाटते. लोकांचं नेमकं उलट होतं. बाहेरून दिसणारी गाठ घेऊन ते येतात आणि टाळूवरची वर्षभर जिभेने चाचपत बसतात.

कानाखालची प्रत्येक सूज ही ट्यूमर नसते. गालगुंडात ताप येतो, सूज दुखते, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना येते आणि आठ-दहा दिवसांत उतरते. जेवायला बसलं, चिंच किंवा लिंबू तोंडात घेतलं की सूज येते आणि तासा-दोन तासांत ओसरते, असं असेल तर लाळेच्या नळीत खडा असतो. तो बहुधा जबड्याखालच्या ग्रंथीचा. दोन्ही बाजूंना सूज, डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सांधे दुखत असतील तर संधिवाताच्या अंगाने तपासावं लागतं. पॅरोटिडच्या आतही लसिकाग्रंथी असतात आणि आपल्याकडे त्यांत टीबी होतो.

टीबीबद्दल थोडं थांबून सांगतो. ‘मानेत गाठ म्हणजे टीबी’ या अंदाजावर सहा-सहा महिने गोळ्या घेतलेले रुग्ण अजूनही येतात. गाठ तेवढीच राहते आणि मधले महिने वाया जातात. सुईच्या तपासणीत टीबीच्या खुणा दिसल्याशिवाय किंवा सीबीनॅटसारख्या चाचणीत जंतू सापडल्याशिवाय लाळग्रंथीच्या गाठीला टीबीचे उपचार सुरू करू नयेत, असं माझं ठाम मत आहे. गरम पोटीस, चुना-हळदीचा लेप आणि डाग देणं याबद्दलही तेच. डाग दिलेली कातडी गाठीला चिकटली की पुढचं ऑपरेशन अवघड होतं, आणि कातडी कॅन्सरमुळे चिकटली आहे की डागामुळे, हे हाताला कळेनासं होतं.

तुमच्या आईंना तपासताना कोणत्याही सर्जनने काय काय पाहायला हवं, ते सांगतो, म्हणजे तपासणी पूर्ण झाली की नाही हे तुम्हालाही कळेल. रुग्णाला उजेडात बसवून आधी समोरून आणि मग मागे उभं राहून पाहावं. पॅरोटिडच्या खालच्या टोकातली गाठ कानाची पाळी वर आणि बाहेर ढकलते. दोन्ही पाळ्या मागून पाहिल्या की एक वर उचललेली लगेच दिसते. मग बोटांनी गाठ हलवून पाहायची. ती खालच्या स्नायूवर आणि वरच्या कातडीखाली मोकळी सरकते का? मग चेहऱ्याची नस: कपाळाला आठ्या घाला, डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. चारही गोष्टी दोन्ही बाजूंनी सारख्या व्हायला हव्यात. त्यानंतर तोंड उघडून टॉन्सिलची बाजू पाहायची. पॅरोटिडचा खोल भाग आतून घशाकडे वाढत असेल, तर टॉन्सिल आणि टाळू मध्यभागाकडे ढकललेले दिसतात आणि बाहेरून गाठ छोटीच वाटते. हातमोजा घालून आतून-बाहेरून अशी दोन बोटांत ग्रंथी चाचपायची. शेवटी पूर्ण मान. हे सगळं पाच-सात मिनिटांचं काम आहे. यातली तोंडाच्या आतली तपासणी राहून जाते, ती आवर्जून करून घ्या. आईंना मिश्रीची सवय असल्याने गालाचं आतलं अस्तर आणि हिरड्याही त्याच वेळी पाहून होतील. मिश्रीने ही गाठ झालेली नाही, पण मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो. ती आजपासून बंद करायला हवी.

आता रिपोर्ट. लाळग्रंथीच्या सुईच्या तपासणीचे रिपोर्ट जगभर एकाच भाषेत लिहिले जावेत, म्हणून २०१८ साली मिलान पद्धत पुस्तकरूपाने आली. तिच्यात एक ते सहा गट आहेत. पहिल्यात पेशी पुरेशा मिळालेल्या नसतात, दुसरा म्हणजे ट्यूमर नाही, तिसरा अनिश्चित. चौथ्याचे दोन भाग: चार-ए म्हणजे साधा ट्यूमर, चार-बी म्हणजे ट्यूमर नक्की आहे, पण साधा की कॅन्सरचा हे या पेशींवरून सांगता येत नाही. पाचवा कॅन्सरचा संशय आणि सहावा कॅन्सर. चार-बी गटातल्या साधारण ३५ टक्के गाठी पुढे कॅन्सरच्या निघतात, म्हणजे तिघांतल्या दोघांची गाठ साधी असते. हा आकडा गटातल्या सगळ्या प्रकारांचा मिळून आहे. गाठ न दुखणं, वाढ हळू असणं, चेहऱ्याची हालचाल नीट असणं, या गोष्टी आईंच्या बाजूने आहेत.

‘बेसलॉइड’ लिहिणाऱ्या पॅथॉलॉजिस्टनी प्रामाणिक काम केलं आहे. त्यांना काचेवर काय दिसलं असेल ते पाहा: लहान, गडद केंद्रकाच्या, फारसा पेशीद्रव नसलेल्या पेशींचे दाट पुंजके. पुंजक्यांच्या कडेला पेशी कुंपणासारख्या ओळीने उभ्या, मध्ये गुलाबी पदार्थाचे गोळे. असं चित्र चार वेगवेगळ्या गाठींत दिसू शकतं. बेसल सेल अडेनोमा ही साधी आणि दुर्मीळ गाठ. सगळ्या लाळग्रंथींच्या गाठींत हिचं प्रमाण शंभरात एक ते तीन. ती बहुधा पॅरोटिडमध्ये, पन्नाशी-साठीत होते, पुरुषांपेक्षा स्त्रियांत थोडी जास्त आढळते आणि सहसा तीन सेंटिमीटरच्या आत राहते. आईंची गाठ या वर्णनात बसते. दुसरी, प्लिओमॉर्फिक अडेनोमा, म्हणजे लाळग्रंथीची सर्वांत नेहमीची साधी गाठच, पण पेशींनी दाट भरलेली. तिसरी बेसल सेल अडेनोकार्सिनोमा, आणि चौथी अडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा, या दोन्ही कॅन्सरच्या. शेवटची हळू वाढते, म्हणून फसवते. नसांच्या कडेने सरकते आणि बरीच वर्षं गेल्यावर फुप्फुसात उमटते.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या गाठीच्या पेशी जवळपास सारख्याच दिसतात. फरक एवढाच की साधी गाठ आपल्या वेष्टणात राहते आणि कॅन्सरची वेष्टण फोडून शेजारच्या ग्रंथीत, नसेत किंवा रक्तवाहिनीत शिरते. सुईतून वेष्टण येत नाही, पेशी येतात. म्हणून सुईची तपासणी दहा वेळा केली तरी हा प्रश्न सुटणार नाही. आणि छोट्या तुकड्यात वेष्टणाचा सगळा घेर येत नाही, म्हणून तुकड्याची बायोप्सीही इथे अपुरी.

तुकडा काढण्याला माझा विरोध आणखी एका कारणासाठी आहे. वेष्टण उघडलं की पेशी सांडतात. प्लिओमॉर्फिक अडेनोमा पूर्वी जगभर कोरून काढली जायची. वेष्टणाला चिरा देऊन आतला गोळा बाहेर काढायचा आणि टाके घालायचे. अशा रुग्णांत गाठ परत येण्याचं प्रमाण पाचात एक किंवा त्याहूनही जास्त होतं, आणि परत येते ती एक गाठ नसते. डाळिंब फुटून दाणे विखुरावेत तशा, ऑपरेशनच्या जुन्या व्रणात, चरबीत, नसेच्या फाट्यांना चिकटून बारीक बारीक गाठी उगवतात. त्या एकेक वेचायच्या तर चेहऱ्याच्या नसेचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरी एखादी राहून जातेच. जागा बधिर करून छोट्या चिऱ्यातून काढण्याच्या सल्ल्यात हाच धोका आहे. शिवाय चेहऱ्याची नस गाठीच्या खालूनच जाते, आणि ती न दिसता काढलेली गाठ म्हणजे नशिबावर सोडलेला चेहरा. ओठाच्या आतल्या छोट्या गाठीला जागा बधिर करून चालतं, पॅरोटिडला नाही.

मग ऑपरेशनआधी आणखी काय करायचं? कॉन्ट्रास्टसह एमआरआय. त्यात गाठीची खोली, कडा गुळगुळीत की वेड्यावाकड्या, नसेच्या वाटेवर काही पसरलं आहे का, मानेतल्या लसिकाग्रंथी कशा आहेत, हे दिसतं. कॉन्ट्रास्टआधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाची रक्ततपासणी, करून घ्या, विशेषतः मधुमेह किंवा बीपी असेल तर. सीटीने काही रुग्णांत भागतं, पण पॅरोटिडच्या मऊ भागासाठी मी एमआरआयच सांगतो. खर्च अडचणीचा असेल आणि गाठ वरच्या थरात, मोकळी, चांगल्या सोनोग्राफीत पूर्ण दिसत असेल, तर एमआरआयशिवायही अनुभवी सर्जन पुढे जाऊ शकतात. आईंचा रिपोर्ट चार-बी असल्याने मात्र तो टाळू नये. कोअर बायोप्सी, म्हणजे सोनोग्राफीत पाहत जाड सुईने घेतलेला नमुना, ही उघड्या तुकड्यापेक्षा खूप सुरक्षित आहे आणि काही प्रकारांत उपयोगी पडते, उदाहरणार्थ लिंफोमाचा, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरचा, संशय असेल तर. बेसलॉइड गाठीत तिने निर्णय फारसा बदलत नाही.

इतर दुर्मीळ साध्या गाठींबद्दलही लिहितो, कारण असा रिपोर्ट हातात पडला की माणूस गांगरतो.

वॉर्थिन ट्यूमर तसा दुर्मीळ नाही, साध्या गाठींत त्याचा दुसरा क्रमांक. विडी-सिगारेट ओढणाऱ्या साठीच्या पुरुषांत जास्त होतो, कधी दोन्ही बाजूंना. हा संबंध धूर ओढण्याशी आहे, विडी वळण्याशी नाही. रुग्ण वयस्क असेल, हृदय कमजोर असेल आणि निदान पक्कं असेल, तर वॉर्थिनवर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं.

ऑन्कोसायटोमा शंभरात एखादी. तिच्या पेशी मायटोकाँड्रियांनी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या कणांनी, ठासून भरलेल्या असतात. इथे पॅथॉलॉजिस्टला एक खबरदारी घ्यावी लागते: किडनीचा कॅन्सर पॅरोटिडमध्ये पसरला तर तोही कधी कधी असाच दिसतो. म्हणून पूर्वी किडनीचं ऑपरेशन झालं असेल, तर ते आवर्जून सांगावं. रुग्ण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत नाहीत, कारण तिचा कानाखालच्या गाठीशी संबंध असेल असं त्यांना वाटत नाही.

मायोएपिथेलिओमा निदानाला फार अवघड. ही गाठ लाळेच्या नळीला बाहेरून वेढणाऱ्या, आकुंचन पावणाऱ्या पेशींपासून होते. त्या पेशी कधी लांबट, कधी गोल, कधी पारदर्शक दिसतात. लांबट पेशी पाहून नसेची गाठ, स्नायूची गाठ, अगदी सार्कोमापर्यंत शंका येतात. इथे आयएचसी, म्हणजे पेशींतली विशिष्ट प्रथिनं रंगवून दाखवणारी तपासणी, कामाला येते: सायटोकेराटिन, एस-१००, पी-६३, कॅल्पोनिन यांचा एकत्र पट मांडला की बहुतेक वेळा उत्तर मिळतं. एकाच रंगावर निदान करू नये. ही साधीच आहे हे मात्र पुन्हा वेष्टण पाहूनच ठरतं.

कॅनालिक्युलर अडेनोमा वयस्क माणसांच्या वरच्या ओठात होते, कधी एकाहून जास्त, आणि थोड्या निरोगी काठासह काढली की प्रश्न मिटतो. लाळेच्या नळीतले पॅपिलोमा आणखी विरळ, आणि तेही पूर्ण काढले की सहसा परतत नाहीत. तान्ह्या बाळाच्या गालावर मऊ, निळसर, रडल्यावर फुगणारी सूज असेल, तर ती बहुधा रक्तवाहिन्यांची गाठ, हिमँजिओमा. तिला चाकू नको. बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली प्रोप्रॅनोलॉल हे औषध उत्तम काम करतं.

चेहऱ्याच्या नसेच्या आवरणाची गाठ, श्वानोमा, लाळग्रंथीची नसतेच, पण पॅरोटिडमध्ये बसून तिचं सोंग घेते. ऑपरेशनच्या टेबलावर नस शोधायला गेलं आणि नसच गाठीत शिरताना दिसली की थांबावं लागतं. चेहरा पूर्ण हलत असलेल्या रुग्णात गाठ काढण्याच्या हट्टापायी नस कापणं चुकीचं. ही गाठ अतिशय हळू वाढते, तिच्यावर एमआरआयने लक्ष ठेवता येतं. नसेला जोडलेल्या गाठीबद्दल काय करायचं, हे सर्जनने रुग्णाशी आधीच बोलून ठेवायला हवं. भूल दिल्यावर विचारता येत नाही.

आईंचं ऑपरेशन कसं होईल, ते सांगतो. पूर्ण भूल. चिरा कानापुढच्या घडीतून पाळीखाली वळून मानेच्या सुरकुतीत उतरतो. काही महिन्यांनी तो शोधावा लागतो. कातडी उचलल्यावर कानाच्या पाळीला संवेदना देणारी नस दिसते, जमेल तिथे तिची मागची फांदी वाचवायची. मग मानेचा मोठा स्नायू मागे, ग्रंथी पुढे, आणि दोहोंच्या मधल्या खाचेत खोल जायचं. कानापुढच्या कुर्चेचं टोक आत ज्या दिशेला बोट दाखवतं, त्याच्या साधारण एक सेंटिमीटर खोल आणि खाली चेहऱ्याच्या नसेचं खोड असतं. डायगॅस्ट्रिक स्नायूची वरची कड आणि कानामागच्या हाडाची फट या आणखी दोन खुणा. तिन्ही जुळल्या की तिथे हळूहळू, रक्ताचा थेंबही राहू न देता, उती विलग करत जायचं. मग दोन-तीन मिलिमीटर जाडीची, पांढरी, बारीक रक्तवाहिनी अंगावर असलेली नस समोर येते. खोडाचे दोन फाटे, त्यांच्या पाच मुख्य शाखा: कपाळ, डोळा, गाल, खालचा ओठ आणि मान. एकेक शाखा डोळ्यांसमोर ठेवत वरची ग्रंथी उचलायची आणि तिच्यासोबत गाठ, भोवती निरोगी ग्रंथीचा थर ठेवून. दोन-तीन तास लागतात. नर्व्ह मॉनिटर, म्हणजे नसेला धक्का लागताच इशारा देणारं यंत्र, असेल तर मदत होते, पण ज्याला या खुणा पाठ नाहीत त्याला मॉनिटर वाचवत नाही.

गाठ लहान, वरवरची, मोकळी असेल तर खोड न शोधता, वेष्टणाच्या बाहेरून निरोगी उतीसह काढण्याची पद्धतही आहे. अनुभवी हातात तिचे निकाल चांगले आहेत. तिला ‘छोटं ऑपरेशन’ समजू नये. नस कुठे आहे याची पक्की जाण असलेल्यानेच ती करावी. बेसलॉइड गाठीत मी तरी नस दिसेल असं ऑपरेशन आणि रुंद काठ पसंत करतो, कारण निकाल कॅन्सरचा आला तरी पहिल्याच ऑपरेशनमध्ये बरंच काम झालेलं असतं. टेबलावरच्या फ्रोझन सेक्शनची, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच उती गोठवून केलेल्या झटपट तपासणीची, सोय असेल तर काठ आणि नसेभोवतीची उती पाहायला ते कामाचं, पण वेष्टणाचा सगळा घेर त्यातही तपासून होत नाही. फक्त फ्रोझनच्या भरवशावर चांगली नस कापण्याचा निर्णय कधीही घेऊ नये.

आता तोंड वाकडं होण्याची भीती. ती खोटी नाही, आणि तिच्यामुळे आईंचं ऐकून न घेता त्यांना गप्प करू नका. नस शाबूत ठेवूनही तिला हाताळावं, ताणावं लागतं, म्हणून पाचातल्या एक-दोघांच्या चेहऱ्यावर काही आठवडे ते काही महिने अशक्तपणा राहतो. बहुतेकदा खालचा ओठ एका बाजूला कमी उतरतो. तो भरून येतो. कायमचा दोष साध्या गाठीच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये शंभरात तीन-चारांहून जास्त जणांना होऊ नये. पापणी नीट मिटत नसेल तर डोळ्याची काळजी ही सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. सोलापूरच्या उन्हाळ्यात, धुळीत उघडा राहिलेला डोळा दोन दिवसांत लाल होतो. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, बाहेर पडताना गॉगल, रात्री मलम लावून पापणी टेपने बंद.

कानाची पाळी बधिर राहते, वर्षभरात बधिरपणाचा भाग आक्रसतो. कानातलं घालताना मळसूत्र टोचलं तरी कळत नाही, म्हणून सुरुवातीला आरशात पाहून घालावं. काही दिवस टाक्याखाली लाळ साठू शकते, ती सुईने काढून दाबपट्टी बांधली की दोन-तीन आठवड्यांत बंद होते. काही महिन्यांनी जेवताना त्या गालावर घाम येणं, कातडी लाल होणं, हे दिसू शकतं. याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. लाळेच्या नसांचे तंतू वाट चुकून घामाच्या ग्रंथींना जोडले जातात म्हणून हे होतं. बहुतेकांना उपचार लागत नाहीत. जास्त त्रास झाल्यास घाम रोखणारं रोल-ऑन किंवा बोटॉक्सचं इंजेक्शन उपयोगी पडतं.

अंतिम रिपोर्ट हातात आला की ‘बिनाइन’ एवढाच शब्द वाचून फाइल बंद करू नका. गाठीचं नाव, उपप्रकार, वेष्टण अखंड आहे का, काठ मोकळे आहेत का, या चार ओळी पाहा. बेसल सेल अडेनोमा असेल आणि उपप्रकार ‘मेंब्रेनस’ लिहिला असेल, तर वेगळं वागावं लागतं. बाकी प्रकार पूर्ण काढल्यावर क्वचितच परत येतात, मेंब्रेनस मात्र सुमारे चौघांत एकाला परत येतो. तो कधी कधी घराण्यातून येणाऱ्या दोषाचा भाग असतो. डोक्याच्या कातडीवर आणि चेहऱ्यावर बारीक गाठी असतात, आई-भावंडांतही असतात. आईंच्या केसांतून हात फिरवून पाहा, मामा-मावशांना विचारा, आणि असं काही असेल तर ऑपरेशनआधीच सर्जनना सांगा. साध्या गाठीला, पूर्ण निघाली असेल तर, रेडिएशन लागत नाही. रिपोर्ट सौम्य, हळू वाढणाऱ्या (लो-ग्रेड) कॅन्सरचा आला आणि काठ मोकळे असतील, तर अनेकदा तेवढं ऑपरेशन पुरतं. अडेनॉइड सिस्टिक निघाली तर मात्र रेडिएशनचा विचार होतो.

वाट पाहिली तर चालेल का? काही आठवडे, हो. घरात लग्न असेल, गड्ड्याची यात्रा तोंडावर असेल, तर ते उरकून घ्या. वर्षं नकोत. चार-बीचा प्रश्न थांबून सुटत नाही, आणि गाठ नेहमीची प्लिओमॉर्फिक निघाली तरी तिच्यात कॅन्सर उद्भवण्याचा धोका वर्षांगणिक वाढतो. पहिल्या पाच वर्षांत तो एक-दोन टक्के असतो, पंधरा वर्षांपुढे दहाच्या आसपास जातो. गाठ अचानक वाढू लागली, दुखू लागली, चेहऱ्याची एक बाजू मंदावली किंवा मानेत दुसरी गाठ हाताला लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा.

राहिला पुण्याचा प्रश्न. नियमित पॅरोटिड करणारे सर्जन, चांगली भूल आणि बारकाईने पाहणारे पॅथॉलॉजिस्ट हे तिन्ही जिथे मिळतील, ते गाव बरोबर. सोलापुरात हे काम होतं. १९६३ पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय इथे आहे, खासगी आणि सहकारी रुग्णालयं आहेत. कॅन्सर निघालाच तर बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ आहे. सर्जनना सरळ विचारा: वर्षात किती पॅरोटिड करता, नस दाखवून करणार का, चेहऱ्याची नस गाठीत अडकलेली दिसली तर काय कराल? कुणी चांगला सर्जन या प्रश्नांनी रागावत नाही. निदानाबद्दल शंका असेल तर आईंना गाडीत बसवण्याआधी स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) पुण्याला किंवा मुंबईला दुसऱ्या मतासाठी पाठवा. त्यांवर तुमचा हक्क आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवा.

आणि संमतीपत्र आईंना त्यांच्या बोलीत समजावून द्यायला सांगा. आपल्याकडे विडी कामगार महिलांपैकी कितीतरी जणी घरात तेलुगू बोलतात, मराठी फॉर्मवर नुसता अंगठा किंवा सही पुरेशी नाही. चेहऱ्याबद्दलचा धोका ज्यांच्या चेहऱ्याचा आहे त्यांना कळायला हवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या, हे ज्यांनी सुरू केल्या त्या डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मोबाइलवर आईंचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या: आठ्या, डोळे मिटणं, गाल फुगवणं, हसणं. पुढच्या प्रत्येक तपासणीला तो सर्जनना दाखवा. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, निदान दहा वर्षं दाखवत राहा.